मोरव्याची उघाडी

हिराबाय,

तुला सांगायच्या गोष्टींची यादी केली आहे. तू गेलीस त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर एकेक टिपत गेले. आज मोजल्या तर सतरा झाल्या. काही अगदी फुटकळ आहेत. तुझी सून सुनंदा आता अळूची जुडी तुझ्यासारखीच, केळीच्या सोपटाने बांधते, ही सहावी. आमची लिफ्ट अखेर चालू झाली, ही अकरावी. तू म्हणायचीस की जिना असताना माणसं कपाटात उभी राहून वर कशाला जातात. क्रमाने सांगणार होते, पण सतरावी आधी सांगितली तर बाकीच्या सोळा तू ऐकणार नाहीस. म्हणून ती शेवटी.

आपली ओळख भांडणातून झाली. दोन हजार एकला आम्ही लालबागची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला, मोरवा गावाच्या कडेच्या नव्या बिल्डिंगमध्ये आलो. माझी नोकरी विम्याच्या कचेरीत. अर्ज, पोच, स्मरणपत्र यांत वीस वर्षं गेलेली. सोसायटीने पहिल्याच सभेत मला सेक्रेटरी करून टाकलं. त्या पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी शिरलं आणि तीन दिवस हललं नाही. मी गेटपाशी फूटपट्टी घेऊन उभी होते. तू डोक्यावर भाजीची पाटी, लुगडं वर खोचलेलं, अशी त्याच पाण्यातून सरळ चालत आलीस.

"काय मोजतेस?"

"पाणी."

"मोजल्यानं जातंय काय?"

"तक्रार करायला आकडा लागतो."

"तक्रार कोनाची? पान्याची?"

मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा, नाहीतर भाजी दाखवा."

"तुमी तुमी नको करू, मी काय साहेब हाय?" तू पाटी उतरवून गेटच्या कठड्यावर ठेवलीस. "पानी येनारच. खाडी हाय ती. त्याला जायची वाट बुजवली, म्हनून बसून हाय. वाट मना ठावी हाय. भेंडी घेतेस?"

भेंडी घेतली. वहीत "वाट" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह खोडायला मला चार वर्षं लागली. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही, आता करते. चार वर्षं मी नव्या गटारासाठी अर्ज करत राहिले. एकूण एकोणीस अर्ज, सगळ्यांच्या पोचा माझ्याकडे आहेत. दर वर्षी तू विचारायचीस, "गटार कुठवर आलं?" आणि मी म्हणायचे, "फाईल पुढे गेली." तू म्हणायचीस, "फाईल गेली, पानी ऱ्हायलं."

माझं पाणी कंपाउंडात राहायचं, तुझं चुलीपर्यंत यायचं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तुझं घर गावाच्या सगळ्यांत खालच्या आळीत. दर उधाणाला तुझी मागची भिंत थोडी थोडी खचत होती. तुझ्या मुलाने, गजाननने, मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये एक फ्लॅट पाहून ठेवला होता. तो तुला स्पष्ट सांगून बसला होता: आणखी एक पावसाळा बघू, पुन्हा पाणी घरात राहिलं तर कुलूप लावून सगळे निघू. हे तू मला सांगितलंस तेव्हा भाजी निवडत होतीस, वर पाहिलं नाहीस. "मी न्हाय जानार," म्हणालीस. मग जुडी बांधता बांधता म्हणालीस, "पोरं गेली त मना जावंच लागंल."

त्याच आठवड्यात मी तुला आमच्या गच्चीवर नेलं. एप्रिल होता. चार मजले चढून तू वर आलीस, कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि पहिल्यांदा आपला मुलूख वरून पाहिलास. उत्तरेला खाडी, तिच्यावरचा रेल्वेचा पूल, पलीकडे डोंगर. अलीकडे मिठागरांचे चौकोन, त्यांत मिठाच्या पांढऱ्या राशी. त्या चौकोनांच्या मधून खाडीची बोटं आत शिरलेली, आणि त्या बोटांवर आमच्यासारख्या बिल्डिंगा उभ्या. तू कठड्यावरून वाकून पाहिलंस. मग म्हणालीस, "एवढासाच हाय?"

नंतर तू बोट दाखवत गेलीस आणि मी लिहीत गेले. काकीचा बांध. सातदारी. थोरलं खाजण, धाकलं खाजण. जिथे खेकडे मिळायचे ते कुरलीचं तोंड. जिथे तुझ्या बापाने पहिलं मीठ ओढलं ती राजाची कोंडी. एकतीस नावं झाली. मी चार वर्षं तिथे राहत होते आणि मला त्या सगळ्या जागेसाठी एकच शब्द ठाऊक होता: मोकळी जागा.

"आधी इथे काय होतं?" मी विचारलं.

"चिखल."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बी चिखल. तू काय राजवाडा समजलीस?"

मग तू सांगितलंस. खाडीच्या चिखलात तुझ्या आजे-पणजांनी मातीचे बांध घातले. खारं पाणी बाहेर अडवलं. पावसाने जमीन धुऊन गोड व्हायला काही वर्षं दिली, मग भात लावला. जी जमीन गोड झालीच नाही तिथे मीठ पिकवलं. बांधाला जागोजाग दारं ठेवली. दोन दगडी खांब, त्यांत खाच, खाचेत लाकडी फळ्या. भरती यायच्या आत फळ्या घालायच्या, ओहोटी लागली की काढायच्या. आतलं पावसाचं पाणी निघून जातं, बाहेरचं आत येत नाही. त्या दाराला उघाडी म्हणतात. मोरव्याच्या खालच्या अंगाची उघाडी काकीच्या बांधात होती. मिठागर बंद पडलं, फळ्या कोणी घातल्या नाहीत, काढल्या नाहीत. गाळ बसला, वर तिवरं वाढली, त्यांवर कोणी डेब्रिज टाकलं. गावाचं दार असं बंद झालं आणि आम्ही नव्याने आलेल्यांनी त्याच्या आत घरं मांडली.

"बांध फुटला तर?" मी विचारलं होतं.

"घरटी एक मानूस. ज्याच्या घरात मयत हाय त्याच्या घरचा बी. न्हाय आला त त्याच्या घरचा विस्तव कोनी घेत न्हाय."

वहीत मी लिहिलं: घरटी एक माणूस. आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता माझी चूक. यादीत ती चौथी आहे, पण तुला पाठ आहे. मी विसावा अर्ज लिहिला, या वेळी उघाडीचा. हाताने काढलेला नकाशा जोडला, तुझी एकतीस नावं टाकली. पालिकेच्या कचेरीतले एक इंजिनिअर साहेब पाहणीला यायला कबूल झाले. खांब गाळात आहेत, ओहोटीलाच दिसतात, हे तू सांगितलं होतंस. म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं, त्यातली ओहोटीची वेळ काढली, सकाळी पावणेदहा, आणि साहेबांना बरोबर पावणेदहाला बोलावलं. तुला निरोप धाडला की पावणेदहाला ये. विचारलं काहीच नाही.

साहेब आले. बांधाखाली मांडीभर पाणी. खांब नाही, दगड नाही, काही नाही. साहेबांनी पॅन्ट वर दुमडली, परत खाली केली.

"मॅडम, कुठे आहे?"

"इथेच. पाणी उतरेल आता."

"ओहोटी तर झालीये. तुम्हीच वेळ दिलीत."

वीस मिनिटं थांबून ते गेले. जीप वळली तेव्हा तू बांधावरून सावकाश येत होतीस, हातात छत्री.

"कशी घाई तुजी," तू म्हणालीस. "ओहोटी पेपरात झाली. खाडीत व्हायची हाय अजून."

मुंबईच्या किनाऱ्यावरची वेळ ती. तिथून पाणी खाडीत वळत वळत, पुलाखालून आपल्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास घेतं. वर येताना घेतं, तसं उतरतानाही घेतं. आपण दोघी बांधावर बसून राहिलो. साडेदहाला गाळातून काळा दगड डोकावला. त्याच्या बाजूला दुसरा. दोघांच्या अंगावर समोरासमोर खाचा. साहेबांची जीप तेव्हा कुठेतरी फाटकाशी असेल. मला रडू आलं आणि तू हसायला लागलीस. मग तू मला तिथल्या तिथे शिकवलंस. तुला लिहिता येत नव्हतं, पण बापाने पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकून घेतली होती. तिथीची पाऊणपट करायची.

"आज पंचमी. पाच पाऊण पावनेचार. पावनेचारला भरती. त्यात आपल्या खाडीचा पाऊन तास. साडेचार. तिथून सहा तास मोज, ओहोटी. हे पेपरवाल्याला बी सांग."

साहेबांना दुसऱ्यांदा बोलावलं ते तुझ्या वेळेला. त्यांनी खांबांवर हात फिरवला, खाच मोजली, म्हणाले, "अहो, हे तर तयारच आहे." परवानगीचा कागद आला. मात्र कागदावर माणसं नव्हती. गाळ उपसायला माणसं आपणच आणायची होती.

मे महिन्यातल्या दोन रविवारांची गोष्ट मी आयुष्यभर सांगत राहीन. मी सोसायटीची यादी काढली: बत्तीस फ्लॅट, बत्तीस माणसं. घरटी एक. दारोदार फिरले. तळमजल्यावरचे लगेच तयार. वरच्यांना पाण्याशी काय घेणं. तिसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई म्हणाले, "मॅडम, मैं तो संडे को भी दुकान पे. मेरे घर से कौन आएगा?"

"घर में जो है, वो आएगा."

"घर में तो बा है."

"तो बा आएगी. नहीं आएगी तो आपके घर से कोई माचिस नहीं लेगा."

त्यांना काही कळलं नाही, पण रविवारी सात वाजता बा पांढऱ्या साडीवर मुलाचे स्पोर्ट शूज घालून हजर. गावातून चाळीस माणसं आली होती, फावडी घेऊन. आमच्याकडून तीस आली, बादल्या आणि डस्टपॅन घेऊन. तू उलट्या घमेल्यावर बसून दोन्ही फौजांना शिव्या देत होतीस. आमच्यातले एक बँकवाले नाजूकपणे गाळ उचलत होते, त्यांना म्हणालीस, "वो साहेब, दही हाय काय ते?" बा तुझ्या बाजूला बसून सगळ्यांना थेपले वाटत होत्या. तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दुपारपर्यंत तुम्ही मिळून माझी नक्कल करत होतात. वही उघडायची, चष्मा खाली, पेन वर. मी पाहिलं होतं. यादीत नववी.

दुसऱ्या रविवारी फावडं तळाच्या फरशीवर वाजलं. गजाननने नव्या फळ्या कापून आणल्या होत्या. तू स्वतः पहिली फळी खाचेत सोडलीस आणि तिच्यावर थोपटलंस, जशी म्हैस थोपटावी.

आणि पैज लागली. मी तोंडाची रुंदी, आतलं क्षेत्र, सगळं गणित करून म्हटलं, मोठ्या उधाणाला पाऊस लागला तर आतलं पाणी उतरायला दोन ओहोट्या लागतील. तू म्हणालीस, एक. मी आकडे दाखवले.

"तुजी वही भिजली त तू खलास," तू म्हणालीस. "एका ओहोटीत माज्या उंबऱ्याखाली न्हाय गेलं त ह्या पावसात फल्या मी घालीन, रोज. गेलं त तू."

"ठरलं."

"लिव."

मी लिहिलं. तू अंगठा उमटवलास, गाळाचाच. तो वाळून तडकला आहे, पण आहे.

पुढचे सगळे दिवस फळ्या तूच घालत होतीस. पैजेचा निकाल लागायचा होता, पण तुला दुसऱ्याच्या हातात काम द्यायचं नव्हतं. मी एकदा विचारलं, फळ्या काढायची नेमकी वेळ कोणती? तू म्हणालीस, "बाहेरचा कचरा बग. खाडीकडं माघारी फिरला की लगेच न्हाय काढायच्या. तीन पानं खा. मंग काढ."

"तीन पानं म्हणजे किती मिनिटं?"

"तीन पानं खायला जेवढी लागतात तेवढी."

या उत्तरावर आपण चार दिवस बोलत नव्हतो. मी म्हटलं, तू मुद्दाम सांगत नाहीस, स्वतःशिवाय कोणाला जमू नये म्हणून. ते बोलणं चुकीचं होतं. पाचव्या दिवशी भेंडी घेताना मी माफी मागणार होते, पण गेटवर गर्दी होती. सहाव्या दिवशी सुनंदा सांगायला आली. तू दुपारी आडवी झालीस ती उठली नाहीस. माझी माफी यादीत पहिली आहे. तिच्यापुढे खूण करायला मला जमलेलं नाही.

तुझं बारावं अमावास्येला आलं. आदल्या दिवसापासून पाऊस. सकाळी दहाला मी फळ्या घातल्या. गजानन क्रियेला बसला होता, सुनंदा बायकांबरोबर भाताच्या पातेल्याशी. पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यात पाऊण तास, बाराला भरती. आत पाऊस साचत होता, बाहेर खाडी वर येत होती. साडेअकराला आळीत पाणी आलं, बाराला तुझ्या उंबऱ्याला लागलं, मग उंबरा ओलांडून आत. जेवायला बसलेली माणसं पानं उचलून उभी राहिली. तुझा पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "गजा, कसली वाट बघतोस? आज भांडी बांध, कुलूप लाव." गजानन उठला. तो बांधावर आला आणि मला म्हणाला, "काकी, फल्या काढा. पानी घरात गेलं."

"नाही."

"आय असती त काढल्या असत्या."

"नसत्या काढल्या. तिकडे बघ."

बाहेर खाडीवर थर्माकोलचं ताट आणि एक निळी चप्पल होती. चप्पल नुकतीच फिरली होती. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याहून हातभर तरी वर होतं. फळ्या काढल्या असत्या तर अख्खी खाडी आळीत गेली असती. मी घड्याळात पाहिलं, त्याचा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात सुनंदा भिजत आली. तिने माझ्या हातात तुझी पानसुपारीची चंची ठेवली आणि परत गेली.

मी जन्मात पान खाल्लेलं नाही. पहिलं घशात अडकलं. दुसऱ्याला डोकं गरगरलं. गजानन माझ्याकडे बघत उभा राहिला, मग खाली बसला आणि म्हणाला, "चुना कमी लावा." तिसरं संपलं तेव्हा थर्माकोलचं ताट दिसेनासं झालं होतं आणि बाहेरची पातळी आतल्याच्या खाली वीतभर गेली होती. आम्ही दोघांनी पहिली फळी ओढली.

हिराबाय, काय आवाज होता तो. तू ऐकला असशील लहानपणी, मी पहिल्यांदा ऐकला. दुसरी फळी निघाली, तिसरी, आणि मोरव्याचं पाणी दारातून असं निघालं की बांध पायाखाली थरथरला. बाराव्याला आलेली माणसं छत्र्या घेऊन बांधावर जमली. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माणसं. मेहताभाई वरून ओरडत होते, "कंपाउंड दिख रहा है मॅडम, टाइल्स दिख रही है." बा त्यांच्या बाजूला उभ्या होत्या, हात जोडून.

सहा वाजायला पाच मिनिटं असताना सुनंदाने उंबरा धुतला. धुतलेल्या उंबऱ्यावर तिने पणती ठेवली. त्या पावसात ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली. गजानन भिंतीला पाठ लावून बसला होता. पुतण्याने परत विचारलं, "मग सिल्व्हर पार्कचं काय?"

"फ्लॅटवाल्याला फोन केला मगाशी," गजानन म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक बघ म्हनलं."

ही सतरावी.

एक ओहोटी. पाच मिनिटं राखून. माझं गणित चुकलं, तुझं बरोबर आलं आणि इतक्या आनंदाने मी कधी हरले नव्हते. तुझ्या अंगठ्याखाली "हरले" लिहून सही केली आहे. तीन पानं म्हणजे किती, तेही आता मला माहीत आहे. मिनिटांत लिहून ठेवणार होते. लिहिलं नाही. सुनंदाला पानं देऊन शिकवीन.

आज तृतीया. तीन पाऊण सव्वादोन, त्यात आपल्या खाडीचा पाऊण तास, म्हणजे तीनला भरती. आत्ता साडेअकरा झालेत. चंची घेतली आहे, वही घरी ठेवते. फळ्या घालायला निघाले.